मुलाच्या स्पीच थेरपीत आईबाबांना सोबत कसं घ्यायचं: पहिल्या फोनपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

खोलीत मूल आणि थेरपिस्ट, बाहेर बाकावर आई. पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडतं. "आज छान बसला हं. घरी सराव घ्या." तोवर पुढच्या मुलाची वेळ झालेली असते. आठवड्याने विचारलं की आई खाली बघत म्हणते, "नाही जमलं, मॅडम." मग फाइलमध्ये नोंद पडते: पालकांचे सहकार्य कमी.

ही ओळ मी स्वतः कितीतरी फाइलींमध्ये लिहिली आहे. पुढे लक्षात आलं की त्या आईला काय करायचं ते कोणी दाखवलेलंच नव्हतं. आठवड्यातून दोन सेशन म्हणजे दीड तास. तीन वर्षांचं मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी. उरलेले साडेब्याऐंशी तास ते ज्यांच्याजवळ असतं, त्यांना हाताशी धरणं हा उपचाराचाच भाग आहे. वेळ उरला तर करायचं ते काम नव्हे.

हा लेख स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: तीन वर्षांचा मुलगा, जेमतेम चार-पाच शब्द, हवं ते हात धरून ओढत नेऊन दाखवतो, हाकेला कधी वळतो, कधी नाही. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

## १. पहिल्या भेटीआधी: फोनवर

वेळ ठरवायला फोन येतो तेव्हा नाव, वय, तक्रार आपण लिहून घेतो. त्याबरोबर एक प्रश्न विचारायलाच हवा: दिवसभर मूल कोणाजवळ असतं?

मी एकदा चार महिने एका आईला शिकवत राहिले. ती सकाळी आठला घर सोडायची आणि रात्री आठला परतायची. मूल दिवसभर शेजारच्या मावशींकडे असायचं. हे मला पाचव्या महिन्यात कळलं, तेही बोलता बोलता. मावशींना बोलावलं तर त्या आनंदाने आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला कोणी सांगितलंच नाही हो, नाहीतर मी केलं असतं." ते चार महिने त्या मुलाचे वाया गेले आणि चूक माझी होती. तेव्हापासून जो दिवसभर सांभाळतो तो माणूस पहिल्याच भेटीला आलेला मला हवा असतो. आजी असो, आजोबा असोत, सांभाळणारी ताई असो.

फोनवर एवढं सांगा:

- पहिली भेट दीड तासाची असेल. मूल झोपून उठलेलं आणि पोट भरलेलं असेल अशी वेळ निवडा.
- घरून दोन वस्तू आणा. एक त्याचं आवडतं खेळणं, दुसरी रोजच्या वापरातली: त्याची वाटी, टॉवेल, तांब्या, काहीही.
- जुने सगळे रिपोर्ट आणा, विशेषतः कानाच्या तपासणीचा.
- फी किती, साधारण किती भेटी लागतील, एखादी चुकली तर काय. हे आधीच स्पष्ट सांगा. पैशाचा अंदाज न आल्याने तिसऱ्या भेटीनंतर यायची थांबलेली घरं मी पाहिली आहेत. कारण विचारलं की ती संकोचाने दुसरंच काहीतरी सांगतात.

सावध: कानाची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. "चॉकलेटचा कागद वाजला तरी धावत येतो, ऐकू व्यवस्थित येतं" असं घरचे सांगतात आणि आपण मान डोलावतो. कमी ऐकू येणारं मूलही काही आवाजांना वळतं. बोलण्यातले बारीक आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचत नसतात. ओएई किंवा बेरा (मुलाला किती ऐकू येतं हे यंत्राने बघायच्या तपासण्या) झाली नसेल तर ती आधी करून घ्यायला सांगा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, हेही त्याच फोनवर सांगून टाका.

खोलीची तयारी सोपी आहे. मोठ्या माणसाला मुलाच्या उंचीला बसता यावं म्हणून जमिनीवर एक गादी आत घाला. बाहेरचा बाक वेळेच्या आधी आलेल्यांसाठी राहू द्या.

## २. पहिली भेट: आधी ऐका

"काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनी डॉक्टर, शेजारी, नातेवाईक अशा दहा ठिकाणी दिलेलं असतं आणि ते त्यांना पाठ झालेलं असतं. त्याऐवजी म्हणा, "काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा." मग ऐकत राहा. उठला केव्हा, दात कोणी घासले, दूध कशात प्यायला, मोबाईल केव्हा दिला, का दिला, आंघोळीला रडला की खिदळला, बाबा किती वाजता आले. अर्ध्या तासात तुम्हाला घर दिसायला लागतं. पुढचं सगळं नियोजन या माहितीवर उभं राहणार आहे, म्हणून जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

ऐकताना एक गोष्ट हमखास वर येते: दोष कुणाचा. आईला घरात बरंच ऐकवलेलं असतं. नोकरी केलीस म्हणून, मोबाईल दिलास म्हणून, पोटुशी असताना रडत होतीस म्हणून. ती ते स्वतः बोलून दाखवेलच असं नाही. तेव्हा तुम्हीच म्हणा, आणि घरातली बाकीची माणसं समोर असताना म्हणा: "ताई, तुमच्या नोकरीमुळे हे झालेलं नाही." वाक्य पूर्ण करा आणि थोडं थांबा. पुष्कळ आया इथे रडतात. रडू द्या, पाण्याचा पेला पुढे करा, घाईने विषय बदलू नका.

या भेटीत तीन गोष्टी टाळा.

मोबाईलवरून व्याख्यान. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊ नये आणि दोन ते पाच वर्षांत तो दिवसाला तासाभराच्या आत असावा. हे पालकांना सांगायचंच आहे, पण आज नको. आज फक्त लिहून ठेवा की मोबाईल कोणत्या वेळेला दिला जातो. बहुतेक घरांत तो स्वयंपाकाच्या आणि भरवण्याच्या वेळेला असतो. त्या वेळेला पर्याय न देता मोबाईल बंद करायला सांगितलं, तर आई दोन दिवसांत हरते आणि तिसऱ्या दिवसापासून आपल्याशी खोटं बोलायला लागते.

खोटा धीर. "मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते" असं आजी म्हणाली तर तिला तोडून टाकू नका, पण हो ला हो सुद्धा करू नका. "बाबा बोलले, चांगलं झालं. याच्यासाठी आपण वाट बघत बसायचं नाही, आतापासून सुरू करू," एवढं पुरतं.

निदानाचा शब्द सहज उच्चारून टाकणं. ऑटिझमचं निदान करणं हे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं काम. शंका असेल तर "अजून एका तज्ज्ञांना दाखवायला हवं, कारण अमुक अमुक गोष्टी मला दिसल्या" असं सांगून चिठ्ठी द्या. निदान आधीच झालं असेल तर विचारा, "डॉक्टरांनी काय सांगितलं? तुम्हाला त्यातून काय समजलं?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं.

तपासा: भेट संपताना तुम्हाला हे सांगता यायला हवं: मूल दिवसभर कोणाजवळ असतं, त्याला कशात सर्वांत मजा येते, घरात कोणाचं चालतं आणि आईला रात्री किती तास झोप मिळते. यातलं एखादं माहीत नसेल तर दुसरी भेटही ऐकण्यातच घालवा.

## ३. दुसरी भेट: दहा मिनिटं फक्त बघा

आई किंवा आजी आणि मूल यांना घरून आणलेल्या वस्तूंशी खेळू द्या. तुम्ही बाजूला बसा. परवानगी घेऊन व्हिडिओ करा, तोही त्यांच्याच फोनमध्ये. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्याच्या मुलाचे व्हिडिओ साठवून ठेवू नका.

सुरुवातीला आई अवघडते. तिला वाटतं परीक्षा चालली आहे, म्हणून ती मुलाची परीक्षा घ्यायला लागते: "हे काय आहे? काऊ कुठाय? रंग कोणता? म्हण ना, लाल! मॅडमना म्हणून दाखव ना!" मूल पाठ फिरवतं. हे झालं तर मध्ये बोलू नका. दोन-तीन मिनिटांनी ती सैल होते आणि मग खरं दिसायला लागतं.

मग तो व्हिडिओ तिच्याबरोबर बसून बघा. आधी तिच्या हातून जे चांगलं घडलं, ते शोधून दाखवा. एका आईने चेंडू टाकताना नकळत क्षणभर हात रोखला होता आणि मुलाने त्या क्षणात वर तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. मी व्हिडिओ तिथे थांबवला. तिने तो भाग चार वेळा मागे नेऊन बघितला. "हा माझ्याकडे बघतो?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी तिला दुसरं काही शिकवलं नाही.

व्हिडिओ एकत्र बघण्याच्या या पद्धतीला आधार आहे. गोवा आणि पाकिस्तानातली रावळपिंडी इथे ऑटिझम असलेल्या २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांच्या घरच्यांबरोबर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली 'द लॅन्सेट सायकियाट्री'त आले. त्यात तज्ज्ञ थेरपिस्ट नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांबरोबर बसून व्हिडिओ बघत आणि चर्चा करत. सहा महिने चाललेल्या या भेटींनंतर पालकांचं मुलाच्या कलाने बोलणं वाढलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. डीईआयसीत किंवा तालुक्याच्या गावात काम करताना "आमच्याकडे साधनं नाहीत" असं मनात येतं, तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

सावध: पहिल्या व्हिडिओत चुका दाखवू नका. एकही नको. त्याची वेळ पुढे येणार आहे.

## ४. एकच वेळ, एकच गोष्ट निवडा

सर्वांत जास्त गडबड इथे होते. आपण दोन पानांचा होम प्रोग्राम छापून देतो: फुंकर मारणे, चित्र ओळखणे, प्राण्यांचे आवाज, एकेक शब्द दहा वेळा. आई तो कागद जपून फाइलीत लावते. घरी सासऱ्यांचं पथ्यपाणी, मोठ्या मुलीची शाळा, पाणी यायची वेळ. सरावासाठी वेगळा अर्धा तास तिच्या दिवसात नसतो. तेव्हा वेगळा वेळ मागूच नका. जे रोज होतंच आहे, त्यातली एक वेळ उचला.

वेळ निवडताना:

१. ती रोज येत असावी.
२. मुलाला त्यात गंमत वाटत असावी.
३. त्या वेळी मोठ्या माणसाला घाई नसावी. सकाळी डब्याच्या गडबडीतली वेळ कधीही निवडू नका.
४. तीच कृती पुन्हा पुन्हा होत असावी: पाणी ओतणं, घास देणं, झोका देणं.

आंघोळ बहुतेक घरांत चारही अटींना उतरते. बाबांसाठी संध्याकाळी गाडीवरून चक्कर, आजीसाठी तिन्हीसांजेला देवापुढची घंटा. निवड त्यांनी करायची, आपण फक्त अटी सांगायच्या.

मग एकच उद्दिष्ट लिहा आणि त्यात आईने काय करायचं तेही येऊ द्या. "मुलगा पाणी शब्द बोलेल" हे अर्धवट आहे. असं लिहा: "आंघोळीला दुसरा तांब्या ओतायच्या आधी आई थांबेल, मुलाकडे बघेल. मुलाने बघितलं, हात केला किंवा कोणताही आवाज काढला की 'पाणी' म्हणेल आणि ओतेल." यात मुलाचं बोलणं सक्तीचं नाही. आईचं थांबणं मात्र आहे आणि ते तिच्या हातात आहे.

## ५. शिकवायचा क्रम: सांगा, दाखवा, करू द्या, बघा, बोला

हा टप्पा घाईत उरकू नका. एक पूर्ण सेशन द्या.

सांगा. दोन मिनिटांत. मूल काही करेपर्यंत थांबायचं, का थांबायचं. "आपण लगेच दिलं तर त्याला मागायची गरजच पडत नाही" हे कारण बहुतेकांना चटकन पटतं.

दाखवा. खोलीत बादली आणि तांब्या ठेवा. पाणी सांडेल, पुसून घेता येतं. मुलाच्या हातावर एक तांब्या ओता, "पाणी!" म्हणा. दुसरा भरा, वर धरा आणि गप्प राहा. मनात सात आकडे मोजा. मोजून बघा, हा वेळ फार मोठा वाटतो. आई मध्येच "म्हण ना, पाणी म्हण" असं करेल. तिला हाताने खूण करून थांबवा. मूल तांब्याकडे बघतं, मग तुमच्या तोंडाकडे. त्याच क्षणी "पाणी!" आणि धार.

करू द्या. आता तांब्या आईच्या हातात. इथे आपली परीक्षा असते. मूल कुरकुरलं की आपले हात आपोआप पुढे जातात, "द्या इकडे, मी दाखवते." हात मागे ठेवा. आपण मूल परत घेतलं की आईला एकच कळतं: हे मॅडमनाच जमतं. हात मागे ठेवायला शिकायला मला काही वर्षं लागली. अजूनही एखाद्या दिवशी मला हात मुद्दाम मांडीखाली दाबून बसावं लागतं.

बघा. निदान पाच वेळा तिला करू द्या. पहिल्या दोनदा ती तीन आकड्यांतच ओतेल. चौथ्या-पाचव्या वेळी थांबणं जमायला लागतं.

बोला. नुसतं "छान" म्हणू नका, त्यातून तिला काही कळत नाही. "तुम्ही तांब्या वर धरून थांबलात, त्याने आधी पाण्याकडे आणि मग तुमच्याकडे बघितलं" असं सांगा. सुधारणा एकच सांगा आणि तीही पुढच्या खेपेला काय करायचं अशा रूपात: "आता ओतताना 'पाणी' एकदाच म्हणा."

किती शब्द वापरायचे याचा साधा हिशेब द्या. मूल शब्द बोलत नसेल तर मोठ्याने एका शब्दात बोलायचं. मूल एक शब्द बोलत असेल तर दोन: त्याने "पाणी" म्हटलं की आपण "गरम पाणी". त्याचा उच्चार "पाई" आला तर "असं नाही, नीट म्हण" करायचं नाही. आपण नीट "हो, पाणी" म्हणायचं आणि ओतायचं.

तपासा: आईला विचारा, "घरी गेल्यावर बाबांना हे कसं समजावून सांगाल?" तिच्या तोंडून पूर्ण कृती बरोबर आली तरच पुढे जा. "कळलं ना?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" असतं. तो विचारण्यात अर्थ नाही.

## ६. घरी काय पाठवायचं

एक ओळ. ती आईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहायची. "तांब्या वर, सात मोजणे, मग पाणी." ही चिठ्ठी न्हाणीघराच्या दाराला. लिहिता-वाचता येत नसेल तर तिच्याच आवाजात तिच्या फोनमध्ये रेकॉर्ड करून द्या.

आठवड्याच्या मध्ये एकदाच व्हॉट्सॲपवर विचारा: "जमतंय का? कुठे अडतंय?" रोज व्हिडिओ मागू नका. व्हिडिओसाठी मग मुलाबरोबरची गंमत बाजूला राहते आणि शूटिंग सुरू होतं. आणि आंघोळीचा व्हिडिओ तर अजिबात मागवायचा नाही. उघड्या अंगाच्या मुलाचं चित्रण कोणाच्याही फोनमधून कुठेही जायला नको. हवाच असेल तर कपडे घातलेला, खेळतानाचा अर्ध्या मिनिटाचा. बघून झाला की तुमच्या फोनमधून पुसून टाका, आणि पुसला हे आईला कळवा.

भाषेबद्दल: घरात जी भाषा बोलली जाते तीच बोलू द्या. अहिराणी असो, मालवणी, कोकणी, हिंदी, उर्दू, तेलुगू. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. "एकच भाषा बोला" किंवा "इंग्रजीच बोला, शाळेत जायचंय" या सल्ल्याने एक मोठं नुकसान होतं. ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती मुलाशी बोलायचीच बंद होते.

## ७. घरातली बाकीची माणसं

आईच्या हाती निरोप पाठवू नका. "सासूबाईंना सांगा, लगेच देत जाऊ नका" हे वाक्य सून घरी जाऊन उच्चारू शकत नाही, आणि उच्चारलंच तर संध्याकाळ खराब होते. आजीला बोलावून घ्या. "आजी, तुम्ही म्हणता ती बडबडगीतं आम्हाला येत नाहीत, जरा म्हणून दाखवा" असं म्हणा. ती म्हणू लागली की शेवटचा शब्द मुलासाठी रिकामा सोडायला शिकवा. नातवाने तो शब्द एकदा पूर्ण केला, की आजी घरातली सर्वांत पक्की साथीदार होते.

वडिलांची शिफ्ट असते, काहींची नोकरी दुसऱ्या गावात. त्यांना यायला जमत नसेल तर दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठेवा आणि त्यांनाही स्वतःची एक वेळ द्या. गाडीवर बसवून किल्ली हातात धरायची, थांबायचं, मुलाने बघितलं की "चालू!" आणि गाडी सुरू. कृती तीच, प्रसंग वेगळा.

एखादी घरभेट जमवता आली तर जरूर जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालकांसाठीच्या प्रशिक्षणात नऊ गटभेटींबरोबर तीन घरभेटी ठेवलेल्या आहेत. का, ते पहिल्याच घरभेटीत कळतं. एका घरी न्हाणीघर चार बिऱ्हाडांत सामायिक होतं आणि बाहेर रांग लागलेली असायची. तिथे सात आकडे मोजणं अशक्य होतं. आम्ही आंघोळ सोडून भात भरवण्याची वेळ घेतली.

## ८. आईची आणि बाबांची स्वतःची विचारपूस

दर तिसऱ्या-चौथ्या भेटीला दहा मिनिटं मुलाला सहकाऱ्याजवळ ठेवून पालकांशी एकटं बोला. झोप होते का? जेवण? मन मोकळं करायला कोणी आहे? गेल्या दोन आठवड्यांत सारखं उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, असं होतंय का?

उत्तर "हो" असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. आपण त्यांचे समुपदेशक व्हायला जाऊ नये, ते आपलं शिक्षण नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तीही लिहून द्या.

सावध: "जगावंसं वाटत नाही", "याला घेऊन कुठेतरी निघून जावं" अशी वाक्यं आली तर ती वैताग समजून सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर तिला एकटं पाठवू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवा.

सरकारी सवलतींची माहितीही या टप्प्यावर द्या, पहिल्या दिवशी नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आणि वाचा-भाषा दोषही येतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढता येतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. माहिती द्या, फॉर्म भरायला मदत करा. प्रमाणपत्र काढायचं की नाही हे घरच्यांना ठरवू द्या. काहींना "दिव्यांग" शब्द पचवायला वेळ लागतो, तो द्यावा.

## ९. "नाही जमलं" असं म्हणाल्यावर

"का नाही?" असं विचारू नका. "कुठे अडलं?" असं विचारा. उत्तरं साधारण चार प्रकारची येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

वेळच नव्हता: तर वेळ चुकीची निवडली गेली, चौथ्या टप्प्यावर परत जा. नेमकं कसं करायचं ते आठवलं नाही: पाचवा टप्पा पुन्हा, या वेळी तांब्या सुरुवातीपासून आईच्या हातात. मूल फार रडलं: सातऐवजी तीन आकडे मोजा आणि नुसतं बघितलं तरी द्या. चौथं उत्तर कोणी तोंडाने देत नाही: याने काही होणार आहे यावर विश्वासच नाही. तेव्हा पहिला व्हिडिओ काढा आणि तो हात रोखलेला, मुलाने वर पाहिलेला क्षण पुन्हा दाखवा.

आठवड्यातून दोनदाच केलं असेल तर त्या दोन वेळांबद्दल बोला. राहिलेल्या पाच दिवसांचा हिशेब मागितला, की पुढच्या वेळी "रोज केलं" असं उत्तर मिळतं आणि मग खरं काय ते आपल्याला कधीच कळत नाही.

मोबाईलचा विषय काढायची वेळ आता आली. साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, एखादी वेळ नीट बसल्यावर, मोबाईलच्या वेळांपैकी फक्त एक कमी करायला सांगा. सहसा भरवतानाची, कारण तिथे करण्यासारखं दुसरं काही आता आईच्या हातात आलेलं असतं.

## १०. तिसरा महिना: पुढे काय

पहिला व्हिडिओ आणि आजचा व्हिडिओ एकापाठोपाठ, घरच्यांसोबत बघा. बदल त्यांना सांगू द्या. किती वेळा बघतो, किती वेळा आपणहून मागतो, किती शब्द झाले, याची मोजणी दोघांनी मिळून करा. आता चुका दाखवायलाही हरकत नाही. बहुतेक वेळा आईच आधी बोट दाखवते: "इथे बघा, मी किती प्रश्न विचारत होते!"

बदल दिसला नसेल तर "अजून तीन महिने करून बघू" म्हणू नका. कानाची तपासणी पुन्हा बघा आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

सावध: आलेले शब्द गेले, मूल हाकेला वळायचं बंद झालं, टक लावून क्षणभर हरवल्यासारखं होतं किंवा झटके येतात, असं घरच्यांनी सांगितलं तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा.

प्रगती चांगली असेल तर भेटी पंधरवड्याला एक करा. मूल बालवाडीत जायचं असेल तर बाईंसाठीची चिठ्ठी तुम्ही लेटरहेडवर लिहू नका, आईला लिहायला सांगा. माझ्याकडच्या एका आईने लिहिलेली चिठ्ठी अशी होती: "बाई, त्याला काही विचारलं की मनात सात मोजा. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. बघितलं की समजा, त्याला कळलंय. मग तुम्ही शब्द म्हणा, तो मागून म्हणतो. डबा उघडून देऊ नका, त्याला मागू द्या."